परसदारी जाताना: पेण-रोह्याच्या घरगुती बागा आणि खर्चाचा हिशोब

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत पेण-रोह्यातल्या बायका एकमेकींकडे हळदीकुंकवाला जातात. वाण घेतलं, तिळगूळ तोंडात टाकला, की पाय आपोआप मागच्या दाराकडे वळतात. ‘यंदा अबोली बघ कशी फुललीय’ म्हणत घरची बाई पुढे होते आणि ओटीवर दहा मिनिटांत आटोपलेलं हळदीकुंकू परसात तासभर रेंगाळतं. एका संध्याकाळी अशी पाच-सहा घरं होतात. एकीकडे विहिरीच्या कठड्याला टेकलेला अनंत असतो, दुसरीकडे तेलाच्या रिकाम्या डब्यांत वाढवलेली चाळीस रोपं. तिसऱ्या घरी जुना फणस एकटाच उभा असतो आणि त्याच्या अंगावर मिरीचा वेल चढलेला असतो. आमच्याकडे बागा बघायची रीत ही अशी आहे, आणि ती पुष्कळ जुनी आहे.

गेली सहा वर्षं मी पनवेल-ठाण्याकडच्या ओळखीच्या मंडळींना, दहा-बारा जणांच्या गटाने, या बागा दाखवायला नेते. बहुतेकांकडे गॅलरीतल्या चार कुंड्या असतात आणि आजोळच्या परसाची आठवण असते. फोनवर पहिला प्रश्न ठरलेला: तिकीट किती? तिकीट नाही. कुणी लावणारही नाही, कारण दारी आलेल्याकडून पैसे घेणं आपल्याकडे कुणाला पटत नाही. पण बारा माणसं तासभर एखाद्याच्या परसात वावरली की खर्च होतोच, आणि तो घरची बाई मुकाट्याने सोसते. पाहुण्यांनी तो खर्च ओळखावा आणि उचलावा, एवढ्यासाठी हा लेख लिहिते आहे. प्रवासाचं गणित त्यामानाने सोपं आहे, म्हणून ते आधी सांगून टाकते. इथले आकडे 2025 च्या पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या हिवाळ्यात आमच्या गटाने मोजलेल्या पैशांचे आहेत. तुमच्या वेळी थोडं इकडेतिकडे होईल.

जाण्यायेण्याचा खर्च

रेल्वे सगळ्यात स्वस्त. दिवा–रोहा मेमू पनवेलनंतर आपटा, जिते, हमरापूर करत पेणला येते आणि पुढे कासू, नागोठणे, निडीवरून रोह्याला जाते. पनवेल ते पेण साधारण 35 किलोमीटर. साध्या गाडीचं तिकीट 10 रुपये. पेण ते रोहा आणखी 10, आणि रोह्याहून थेट पनवेलला परत यायला 20. म्हणजे दोन्ही गावं पाहून माणशी 40 रुपयांत प्रवास होतो. अडचण भाड्याची नाही, गाड्यांची आहे. दिवसात मोजक्याच गाड्या आहेत आणि एक चुकली तर दुसरीसाठी काही तास बसावं लागतं. परतीची वेळ आधी बघा आणि शेवटचं घर तिच्या दीड तास आधी संपवा. साध्या गाडीचं तिकीट काढून एक्स्प्रेसमध्ये चढू नका. तिचं भाडं वेगळं असतं आणि दंडाची रक्कम दिवसभराच्या खर्चाहून मोठी होते.

बायकांचा गट असेल तर एसटीचा विचार जरूर करा. 25 जानेवारी 2025 पासून भाडी वाढली, तरी साध्या गाडीला सहा किलोमीटरच्या एका टप्प्याला जेमतेम दहा रुपये पडतात. पेण ते रोहा नागोठण्यावरून चाळीसेक किलोमीटर, म्हणजे सत्तर रुपयांच्या आसपास. महिलांना मार्च 2023 पासून निम्मं तिकीट आहे, 65 ते 75 वयाच्यांना निम्मं, आणि 75 च्या पुढे पूर्ण मोफत. आमच्या गटातल्या दोघी आज्या आधार कार्ड पर्समध्ये ठेवूनच निघतात.

टेम्पो ट्रॅव्हलर केला तर पनवेलहून दिवसाचे सात-साडेसात हजार सांगतात. बारा जणांत वाटले तरी माणशी सहाशेच्या आसपास. गुडघेदुखीची माणसं गटात असतील तर तो खर्च योग्यच आहे. नसतील तर तेच पैसे रोपांवर घालवावेत असं माझं मत.

गावात फिरायला मिनीडोर. पेण स्टेशनपासून गावात यायला आणि मग चार-पाच घरं करायला सहा आसनी मिनीडोर सकाळपुरती ठरवली तर आठशे रुपये घेतात. बारा जणांना दोन लागतात. भाव आधी ठरवा, आणि थांबण्याचे पैसे त्यातच धरले आहेत ना, ते विचारून घ्या. रोह्यात आम्ही चालतच फिरतो. अष्टमी भागापासून बाजारपेठेपर्यंत, मग नदीकाठाने, एवढ्यात तीन घरं सहज होतात.

यजमानाच्या घरचा खर्च

आता मुख्य गोष्ट. बारा जणांना चहा द्यायचा तर लिटरभर दूध, साखर, चहापूड आणि गॅस मिळून सव्वाशे रुपये होतात. नुसता चहा आमच्याकडे कुणी देत नाही. सोबत कांदेपोहे नाहीतर उकडलेल्या शेंगा असतातच, म्हणजे आणखी अडीचशे. आदल्या दिवशी अंगण झाडून, पालापाचोळा काढून, कुंड्या पुसून ठेवलेल्या असतात. ती मेहनत कुठल्याच हिशोबात येत नाही. शिवाय माणसं वाफ्यांच्या कडेने चालताना माती दबते, पाटाचा बांध मोडतो, नुकतीच उगवलेली मेथी पायाखाली जाते.

सगळ्यात मोठं नुकसान फांद्यांचं. ‘एवढीशी फांदी देता का?’ हा प्रश्न प्रत्येक जण प्रेमाने विचारतो आणि घरची बाई नाही म्हणू शकत नाही. बारा जणांनी बारा फांद्या मागितल्या की कमरेएवढा अनंत एका दुपारी उघडा पडतो. पेणमधल्या एका घरी मी हे डोळ्यांनी पाहिलं. त्या काकूंनी पुढच्या वर्षी आम्हाला बोलावलं, चहा दिला, पण अनंताजवळ गोणपाट टांगून ठेवलं होतं. तेव्हापासून आमच्या गटाचा नियम आहे: एका घरातून एका झाडाची एकच फांदी, तीही घरच्या माणसाने स्वतःहून देऊ केली तरच. ती गटातल्या एकीने नेऊन मुळं फुटेपर्यंत सांभाळायची, तिची रोपं करायची आणि पुढच्या पावसाळ्यात इतरांना वाटायची. हा नियम केल्यापासून एकाही दारावर आम्हाला आढेवेढे दिसले नाहीत.

मग पैसे कसे द्यायचे? पाकीट पुढे केलं तर ते परत येतं, आणि उगाच अवघडल्यासारखं होतं. आम्ही प्रत्येक घरामागे 300 रुपये बाजूला काढतो आणि त्यांतून वस्तू नेतो. बाग असलेल्या घरी पुष्पगुच्छ नेऊ नये, मिठाईचा पुडाही नको. दहा किलो गांडूळखताची पिशवी दीडशे ते दोनशेला येते, दोन किलो निंबोळी पेंड शंभर रुपयांना. त्या दोन पिशव्या बघून घरच्या माणसांच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते काजूकतलीने उमटणार नाही. खत पनवेलहून ओझं करून आणू नका, पेणच्या किंवा रोह्याच्या बाजारात शेती सेवा केंद्रात मिळतं. ते तिथेच घेतलं तर पैसाही गावात राहतो.

दुसरा मार्ग म्हणजे त्या घरी जे विकायला असेल ते भाव न करता घेणं. पुष्कळ घरी नारळ, केळी, अळूच्या पानांची जुडी, कोकमाची सोलं, आगळ, घरच्या वालाचे कडवे असं काही ना काही असतं. बाजारात नारळ ज्या भावाला मिळतो त्याहून पाच रुपये जास्त द्यावे लागले तरी द्या. तो नारळ कुठल्या झाडाचा आहे हे तुम्ही बघितलेलं असतं.

या बाबतीत मला विनोबांच्या घरातली एक गोष्ट नेहमी आठवते. विनोबा भावे पेण तालुक्यातल्या गागोद्याचे, जन्म 11 सप्टेंबर 1895. त्यांच्या घरी फणसाचं झाड होतं. फणस पिकला की आई गरे काढून पानांच्या द्रोणांत भरायची आणि लहान विन्याला आळीतल्या प्रत्येक घरी द्रोण पोचवायला पाठवायची. सगळीकडे पोचले की मगच त्याला शेजारी बसवून त्याचे गरे मिळायचे. विनोबांनीच पुढे ही आठवण सांगितली आहे. परसातलं फळ घराबाहेर जातं ते अशा हिशोबाने, आणि आजही आमच्या आळ्यांत फणस कापला की वाटी शेजारी जाते. अशा घरून तुम्हाला रिकाम्या हाताने परत पाठवणार नाहीत हे ठरलेलं असतं. तेव्हा जाताना आपला हात भरलेला असावा.

इंग्लंडमध्ये लोकांनी याच प्रश्नाचं वेगळं उत्तर काढलं. तिथे 1927 मध्ये सहाशेवर खासगी बागा लोकांसाठी उघडल्या, माणशी एक शिलिंग घेतलं आणि ते पैसे घरोघरी जाणाऱ्या परिचारिकांच्या मदतीला दिले. ती योजना अजून चालू आहे. तिथे यजमान स्वतःसाठी पैसे घेत नाही, पण सत्कार्यासाठी घ्यायला त्याला संकोच वाटत नाही. आपल्याकडे हे करायचं तर गावातल्या वाचनालयाच्या नाहीतर शाळेच्या पेटीत माणशी पन्नास रुपये टाकता येतील. आम्ही दोन वर्षं तसं केलं आणि यजमानांना ते फार आवडलं.

बचत गटांच्या बागांचं मात्र वेगळं आहे. ‘उमेद’ या सरकारी अभियानाच्या ‘माझी पोषण परसबाग’ मोहिमेत खेडोपाडी बायकांनी घराजवळच्या टीचभर जागेत भाज्यांचे वाफे केले आहेत. पालेभाज्या, वांगी, मिरची, कडेला शेवगा, पपई, कुंपणावर दुधी आणि घोसाळी. या बागा बघण्यासारख्या आहेत, कारण कमी जागेत बारा महिने ताटात भाजी कशी येते हे तिथे कळतं. पंचायत समितीतल्या ‘उमेद’च्या कक्षात चौकशी केली की गटाशी गाठ घालून देतात. इथे संकोच न करता पैसे ठरवा. आम्ही माणशी 50 रुपये गटाला देतो आणि दुपारचं जेवण त्यांच्याकडेच सांगतो: तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, एखादी पालेभाजी, भात आणि सोलकढी, 150 रुपयांत. खानावळीत शाकाहारी थाळी एवढ्यालाच पडते, आणि गटाच्या ताटातली भाजी समोरच्या वाफ्यातली असते.

खारेपाटात जाताना पाणी आपलं न्या

पेणच्या पश्चिमेला खाडीच्या बाजूची वाशी, शिर्की, वढाव ही गावं खारेपाटातली. जमिनीत मीठ, विहिरीला मचूळ पाणी, आणि फेब्रुवारीनंतर प्यायच्या पाण्याचीच ओढाताण. तरीही तिथल्या घरांपुढे बागा आहेत, आणि मला विचाराल तर दिवसातलं एक घर तरी खारेपाटातलं असावं. फुटक्या माठांत, मोडक्या टोपल्यांत, दगड रचून उंच केलेल्या वाफ्यांत बाहेरून आणलेली माती घालून तिथे भाजी लावतात. भांडी धुतलेलं, तांदूळ धुतलेलं पाणी जपून ठेवून कढीपत्त्याला आणि तुळशीला घालतात. ज्या गॅलरीत नळाचं पाणी बेताचं येतं, त्या गॅलरीसाठी यापेक्षा चांगली शाळा नाही.

अशा घरी जाताना प्रत्येकाने दोन बाटल्या पाणी घरून न्यावं. पाय धुवायला, तोंडावर मारायला पाणी मागू नये. चहा नको म्हणून आधीच फोनवर सांगून ठेवावं, नाहीतर गेल्यावर कुणी ऐकत नाही. आणि मार्चच्या पुढे तिकडे जाऊच नये. तेव्हा एक बादली पाण्याची किंमत पैशांत मोजता येत नाही.

रोह्याची गोष्ट निराळी

रोह्यात कुंडलिका आहे. भिऱ्याच्या वीजकेंद्रातून सोडलेलं पाणी नदीला येतं, त्यामुळे ऐन मे महिन्यातही ती वाहती असते आणि आजूबाजूच्या विहिरींना ओल राहते. म्हणून रोह्याच्या परसात सुपारी, केळी, विड्याचा वेल, जायफळ अशी पाण्यावर जगणारी झाडं दिसतात. मोठी झाडं मात्र पूर्वीइतकी नाहीत. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळाने या जिल्ह्यातले माड, आंबे, फणस मुळासकट पाडले. एका घरी फणसाचा बुंधा अजून तसाच ठेवला आहे, त्यावर आता पानवेल चढवलाय. नवे लावलेले माड आत्ता कुठे धरायला लागले आहेत. जुनं झाड नसलेली बाग बघून ‘एवढंच का?’ असं म्हणू नका, त्या घराला ते फार लागतं.

बागकाम हे फावल्या वेळचं किरकोळ काम आहे असं कुणाला वाटत असेल तर रोह्यात त्याला चिंतामणराव देशमुखांची आठवण करून द्यावी. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, बालपण रोह्यात गेलेलं, आणि केंब्रिजमध्ये 1917 साली त्यांनी बक्षीस मिळवलं ते वनस्पतिशास्त्रात.

रोह्याला गेलात तर किल्ला गावातलं कृषी विज्ञान केंद्र टाळू नका. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचं हे केंद्र आहे. तिथे कोकणात तगणाऱ्या जाती, लागवडीचं अंतर, रोगकिडी यांबद्दल विचारलं की नीट उत्तर मिळतं, आणि सल्ल्याला पैसे पडत नाहीत. सरकारी सुट्ट्या आणि कचेरीच्या वेळा बघून, आधी फोन करून जा. कलमं मिळतात ती मुख्यतः पावसाळ्यात. जानेवारीत गेलात तर नाव नोंदवून या.

रोपं घेताना पैसे कुठे बुडतात

बागा बघून मन भरलं की परतीच्या वाटेवर रोपवाटिका लागते आणि दिवसभरात जेवढा खर्च झाला नाही तेवढा तिथे अर्ध्या तासात होतो. तुळशीचं रोप 15 ते 25, अबोली-कोरांटी 30 ते 40, मोगरा आणि जास्वंद 60 ते 120, अनंत शंभर-दीडशे, सोनचाफ्याचं कलम दोनशेपासून साडेतीनशेपर्यंत, हापूसचं कलम 120 ते 250, नारळाचं रोप शंभर ते दोनशे. फुलझाडांत फारशी फसगत होत नाही. गेलीच तर शंभर रुपये जातात. फळझाडांत पैसे जातातच, वर वर्षंही जातात.

कोकम आणि जायफळ यांत नर आणि मादी झाडं वेगळी असतात. बी लावून केलेल्या रोपांत साधारण निम्मी नर निघतात, आणि नराला फळ धरत नाही. फुलं येईपर्यंत कोणतं रोप कोणतं हे बघून सांगता येत नाही, आणि फुलं यायला सहा ते आठ वर्षं लागतात. मी स्वतः जायफळाची दोन रोपं नव्वद रुपयांना एक अशी घेतली होती. मादीच आहेत असं मला ठासून सांगितलं होतं. आठ वर्षं शिंपली, खत घातलं, उन्हाळ्यात सावली केली. आठव्या वर्षी फुलं आली आणि दोन्ही नर निघाली. एकशेऐंशी रुपयांचं मला दुःख नाही. परसातली सगळ्यात चांगली, विहिरीजवळची जागा आठ वर्षं अडून राहिली, त्याचं अजून वाटतं.

म्हणून ही दोन झाडं घ्यायची तर कलमच घ्यावं. कोकमाचं कलम शंभर ते दोनशेला मिळतं, रोप तीस-चाळीसला. जायफळाचं कलम चारशे ते सहाशे, रोप शंभराच्या आत. फरक डोळ्यांत भरतो, पण कलम मादीच्या फांदीचं असल्याने फळाची खात्री असते आणि दोन-तीन वर्षं लवकर मिळतात. विद्यापीठाची ‘कोकण अमृता’ ही कोकमाची आणि ‘कोकण सुगंधा’ ही जायफळाची जात नावाने मागा. मादी झाडं लावलीत तरी आसपास एखादा नर लागतोच, दहा माद्यांना एक पुरतो. शेजारच्या परसात नर असेल तर तुम्हाला लावायची गरज नाही. बागा बघत फिरताना हे विचारून ठेवण्यासारखं आहे.

कलम खरं आहे का हे बघायचं तर जोड शोधा. जमिनीपासून वीतभर उंचीवर खोडाला गाठ दिसते, सालीचा रंग वर-खाली थोडा वेगळा असतो. पट्टी बांधलेली असेल तर ती सोडून दाखवायला सांगा. पिशवीच्या भोकांतून मुळं लांबलचक बाहेर आली असतील तर ते कलम फार दिवस पडून आहे, घेऊ नका. हापूस म्हणून रायवळ खपवतात ते जोडाखालून फुटलेल्या फुटव्यामुळे पुष्कळदा कळून येतं: वरची फांदी मेलेली आणि खालची जोमात असेल तर तो हापूस उरलेलाच नाही.

आणि पिठ्या ढेकूण बघा. जास्वंदीच्या शेंड्याला, पानाच्या बगलेत पांढरा कापूस दिसला तर कितीही सुरेख फूल असलं तरी रोप खाली ठेवा. एका रोपाबरोबर तो घरी आला की गॅलरीतल्या सगळ्या कुंड्या धरतो. नवं रोप, मग ते रोपवाटिकेतलं असो की प्रेमाने दिलेलं, पंधरा दिवस बाकीच्यांपासून लांब ठेवावं.

खतामातीचं म्हणाल तर कोकोपीटची पाच किलोची वीट दीडशे-दोनशेला, ती शहरातही तेवढ्यालाच मिळते, इथून ओझं नेऊ नका. शेणखत मात्र इथून न्यावं. गोठा असलेल्या घरी चांगलं कुजलेलं, भुसभुशीत, वास गेलेलं शेणखत पोत्याला शंभर-सव्वाशेला देतात.

केव्हा, कोणत्या वेळी

जानेवारीचे दोन आठवडे सगळ्यात चांगले. हवा थंड असते, वाटा कोरड्या असतात, वालाला शेंगा लागलेल्या असतात आणि हळदीकुंकवामुळे अनोळखी माणसालाही दारं उघडी असतात. याच दिवसांत पोपटी लावतात: मडक्यात तळाला भांबुर्ड्याचा पाला, मग वालाच्या शेंगा, बटाटे, कांदे, वांगी, ओवा आणि मीठ, वर पुन्हा पाला, आणि मडकं उलटं करून सभोवती जाळ. पाण्याचा थेंब घालत नाहीत. बारा जणांच्या शाकाहारी मडक्याला आम्ही गेल्या खेपेला हजार रुपये दिले. पोपटी अर्ध्या-पाऊण तासात होते पण जाळ लावणारा माणूस आदल्या दिवशी सांगून ठेवावा लागतो.

श्रावणात बागा हिरव्यागार असतात. मांडवावर पडवळ, शिराळी, कारली लोंबतात, तेरडा फुललेला असतो. पण तेव्हा पेणमध्ये कुणाला वेळ नसतो. इथल्या आणि हमरापूर-जोह्याच्या घराघरांत गणपतीच्या मूर्ती रंगवायचं काम रात्रंदिवस चालतं, अंगणात मूर्ती वाळत असतात, आणि बारा माणसांना अंगणात शिरायला जागाच नसते. त्या महिन्यात जायचंच तर फक्त रोह्याला जा. जांभा दगडाच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं, तेव्हा चपलेऐवजी पकड असलेले बूट घाला, आणि गवतात हात घालण्याआधी काठीने हलवून बघा.

दिवसातली वेळ साडेनऊ ते साडेअकरा नाहीतर चार ते सहा. सकाळी त्याआधी गेलात तर पूजेची फुलं काढायची असतात, दुपारी माणसं जेवून आडवी झालेली असतात. दिवेलागणीनंतर झाडाला हात लावू नये असं आमच्याकडे मानतात, ते पाळा. तुळशीवृंदावनाजवळ चप्पल काढा. फूल तोडायच्या आधी विचारा. परडीत पडणारं प्रत्येक फूल कुठल्या देवाचं हे त्या घरात ठरलेलं असतं. फोटो झाडांचे खुशाल काढा, माणसांचे आणि घराच्या आतले विचारल्याशिवाय नाही, आणि घराचा पत्ता कळेल अशा रीतीने ते पसरवू नका.

वहीतलं एक पान

गेल्या जानेवारीचा आमचा हिशोब असा होता. बारा जणी, पेणमध्ये तीन घरं, रोह्यात दोन. रेल्वे माणशी 40. पेणमध्ये दोन मिनीडोर 1600, म्हणजे माणशी 133. पाच घरी खत-पेंड 1500, माणशी 125. सकाळचा नाश्ता आम्ही एका घरगुती पोळीभाजी केंद्रातून बांधून घेतला, म्हणजे यजमानांवर भार नाही, तो 60. जेवण 150. एकूण माणशी 508 रुपये. यात पोपटी नव्हती आणि रोपांचा खर्च ज्याचा त्याने केला. बहुतेकींनी दोनशे ते चारशे रुपयांची रोपं घेतली. टेम्पो ट्रॅव्हलर केला असता तर हाच आकडा नऊशेच्या पुढे गेला असता. घरची दोनच माणसं जाणार असतील तर मिनीडोर करू नका, ओळखीच्या एकाच आळीत तीन घरं बघा, एका घरी खताची पिशवी आणि दुसऱ्या घरून नारळ असं धरलं तर दोघांत हजाराच्या आत दिवस होतो.

त्या दिवशी आम्हाला मिळालेली एकमेव फांदी रोह्याच्या आजींनी दिलेल्या अनंताची. ‘आता लावलीस तर जगवायला जड जाईल गो, पण नेतेस तर ने,’ असं म्हणत त्यांनी ती केळीच्या ओल्या सोपात गुंडाळून दिली. त्यांचं बरोबर होतं, फांद्या लावायच्या त्या पावसाच्या तोंडावर. आमच्यातल्या एकीने तरी ती सावलीत, कोकोपीट आणि वाळूत जपली आणि ती धरली. जूनमध्ये पहिला पाऊस झाल्यावर पुन्हा रोह्याला जायचं, आजींना शेणखताचं पोतं द्यायचं आणि छाटणीत निघतील तेवढ्याच फांद्या आणायच्या, असं ठरलं आहे. आजींना तसा फोनही केलाय.